दोन सीमा, चार नाके : मॉस्को ते बीजिंग रेल्वेने

मॉस्कोच्या यारोस्लाव्स्की स्थानकातून निघून सैबेरिया आणि मंगोलिया ओलांडत बीजिंगला पोहोचणारा लोहमार्ग साडेसात हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचा आहे. तेव्हा थेट गाडीत बसले तर हा प्रवास सहा रात्रींत संपत असे; 2020 पासून ती थेट गाडी बंद झाली. आम्ही तो सैबेरियातले इर्कुत्स्क आणि मंगोलियाची राजधानी उलानबातर अशा दोन ठिकाणी थांबत 2016 साली मे महिन्याच्या अखेरीस केला. मी, माझे पती, अकरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे आम्ही चौघे होतो. आईंनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर ज्या रेषेवरून त्यांनी मुलांच्या कित्येक तुकड्यांना पूर्वेकडे नेले, त्या रेषेवरून एकदा स्वतः जावे ही त्यांची इच्छा होती आणि गुडघे साथ देत आहेत तोवरच ती पुरी करायची असे आम्ही ठरवले. या मार्गाबद्दल जे वाचायला मिळते त्यात बहुतेक खिडकीबाहेरच्या दृश्यांचे वर्णन असते. आमच्या वाट्याला आलेली खरी साहसे मात्र गाडी उभी असताना घडली, आणि त्यातही सीमेवरच्या नाक्यांवर.

तयारीचा मोठा भाग व्हिसांचा होता. भारतीय पारपत्रावर रशिया, मंगोलिया आणि चीन या तिन्ही देशांचे व्हिसा आम्हांला आधी हातात हवे होते, आणि ते कोणत्या क्रमाने काढायचे यालाही अर्थ होता. पुढच्या देशात प्रवेश मिळणार आहे हे दाखवता आले तर मधल्या देशाचे काम सोपे होते, म्हणून आम्ही शेवटच्या देशापासून सुरुवात केली : आधी चीन, मग मंगोलिया आणि सर्वांत शेवटी रशिया. रशियाच्या पर्यटन व्हिसावर आत येण्याची आणि बाहेर पडण्याची तारीख स्पष्ट छापलेली असे आणि त्यासाठी तेव्हा तिकडच्या संस्थेचे निमंत्रणपत्र लागे. ते मागवताना पतींनी बाहेर पडण्याची तारीख आमच्या आरक्षणापेक्षा चार दिवस पुढची घालून घेतली. तेव्हा मला ती खबरदारी अनावश्यक वाटली होती. पुढे रशियाच्या सीमेवरच्या नाऊश्की स्थानकावर त्याच चार दिवसांच्या आधाराने आम्ही शांतपणे विचार करू शकलो.

रशियात उतरताना विमानतळावर पारपत्रावर शिक्का मारतात आणि त्याबरोबर एक छोटा छापील कागदही देतात. त्याला मायग्रेशन कार्ड म्हणतात. त्याचा एक भाग अधिकारी ठेवून घेतो आणि दुसरा प्रवाशाने देश सोडेपर्यंत जपून ठेवून सीमेवर परत करायचा असतो. हॉटेलात उतरले की नोंदणीसाठी पारपत्राबरोबर हा कागदही द्यावा लागतो. दिसायला तो एखाद्या पावतीसारखाच असतो, पण निघताना अधिकारी पारपत्राइतक्याच काटेकोरपणे तो मागतात.

मॉस्को ते इर्कुत्स्क हे 5185 किलोमीटरांचे अंतर आम्ही एका दमात पार केले. चार शायिकांचा बंद कप्पा, ज्याला तिकडे कुपे म्हणतात, पूर्ण आमचाच होता. डब्याच्या एका टोकाला कोळशावर तापणारी उकळत्या पाण्याची टाकी, म्हणजे समोवार, आणि त्याच्या शेजारी डब्याच्या परिचारिकेची, म्हणजे प्रोवोद्नित्साची, खोली. चादरी देणे, उकळते पाणी कायम ठेवणे, पायपुसणी झटकणे, प्रत्येक स्थानकावर दाराशी उभे राहून चढणाऱ्याचे तिकीट आणि पारपत्र पाहणे, मोठी शहरे जवळ आली की शौचालयांना कुलूप लावणे ही सारी कामे तिचीच. डब्यातली माणसे तिच्या शब्दाबाहेर जात नाहीत. पहिल्या सकाळी तिने आमच्यासाठी धातूच्या नक्षीदार कड्यांत बसवलेले काचेचे पेले आणून ठेवले, आईंकडे पाहून स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि प्रश्नार्थक मान हलवली. आईंनी होकार दिल्यावर त्यांच्यासाठी एक जादा उशी आली.

घड्याळाची मात्र सवय करून घ्यावी लागली. त्या काळी संपूर्ण रशियातल्या रेल्वेची वेळापत्रके, तिकिटे आणि स्थानकांवरची घड्याळे मॉस्कोच्या वेळेनुसार चालत, मग बाहेर सूर्य कुठेही असो. ही पद्धत 2018 मध्ये बदलली. इर्कुत्स्कची स्थानिक वेळ मॉस्कोच्या पाच तास पुढे आहे, त्यामुळे तिकिटावरची मध्यरात्र तिथे पहाट असे. आईंनी वहीत दोन रकाने आखले, एक गाडीच्या वेळेचा आणि एक उन्हाचा, आणि जेवणे व औषधे उन्हाच्या रकान्याप्रमाणे द्यायची असे ठरवून टाकले. एका आकड्यावर पूर्ण विसंबून त्यांनी आम्हांला कधी गोंधळू दिले नाही. युरोप आणि आशिया यांची सीमा दाखवणारा स्तंभ मॉस्कोपासून 1777 व्या किलोमीटरवर उभा आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून नात आणि आजी मार्गिकेतल्या खिडकीला चिकटून रुळांकडेच्या किलोमीटरांच्या पाट्या मोजत होत्या, आणि तो पांढरा स्तंभ क्षणभर समोरून गेला तेव्हा दोघींनी एकदमच त्याचे नाव घेतले.

ओम्स्कच्या पुढे मुलीला ताप भरला. थोड्याच वेळात तो 39 अंशांच्या वर गेला आणि ती कान धरून रडू लागली. आमच्याजवळ तापाचे औषध होते, ते दिलेही, पण कानाच्या दुखण्यावर काय द्यावे हे कळेना. भ्रमणध्वनीला जाळे नव्हते, त्यामुळे भाषांतराचाही आधार नव्हता. मी प्रोवोद्नित्साला बोलावले आणि मुलीचा कान दाखवला. तिने कपाळाला हात लावून पाहिला आणि काही न बोलता निघून गेली, आणि मी तशीच दारात उभी राहिले. पुढे बाराबिन्स्कला गाडी अर्धा तास थांबते. फलाटावर आमच्या दारासमोरच पांढरा अंगरखा घातलेल्या एक डॉक्टर आणि त्यांच्या मदतनीस बाई पेटी घेऊन उभ्या होत्या. गाडीतून पुढच्या स्थानकाला निरोप गेला होता. डॉक्टरांनी शायिकेवर बसूनच कान, घसा आणि छाती तपासली, कानात घालायचे थेंब व गोळ्या दिल्या आणि किती वाजता काय द्यायचे ते कागदावर आकड्यांनी व सूर्य-चंद्राच्या चित्रांनी लिहून दिले. पतींनी पैशांचे पाकीट काढले तेव्हा त्यांनी ते हाताने मागे सारले. गाडी सुटली त्या वेळी मुलगी झोपली होती. नोवोसिबिर्स्क आणि ओब नदीवरचा लांबलचक पूल तिने पाहिलाच नाही, पण क्रास्नोयार्स्कला येनिसेई ओलांडताना ती उठून बसली आणि खायला मागू लागली.

इर्कुत्स्कमध्ये विसावा मिळाला. आईंनी अंगारा नदीवर उभी असलेली त्याच नावाची जुनी बर्फफोडी बोट पाहण्याचा आग्रह धरला. बैकाल सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावरचा लोहमार्ग पुरा होण्याआधी गाड्यांचे डबे बोटीवर चढवून सरोवरापार नेत असत आणि 1904 च्या हिवाळ्यात, जपानशी युद्ध चालू असताना, गोठलेल्या सरोवरावरच रूळ टाकून घोड्यांकरवी डबे ओढले होते, ही हकीकत त्या वर्गात सांगत असत. आता त्यांनी ती नातीला प्रत्यक्ष जागेवर सांगितली. पुढच्या गाडीतून स्ल्युद्यांकाच्या बाजूने सरोवर दिसू लागले. सुमारे 200 किलोमीटर रूळ पाण्याच्या काठाने जातात. 1642 मीटर खोली आणि पृथ्वीवरच्या न गोठलेल्या गोड्या भूपृष्ठजलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा, हे आकडे मी शाळेत पाठ केले होते. त्या दिवशी पाण्याचा रंग पाहताना ते आठवले, पण त्यांची गरज वाटली नाही. आई तर उलान-उदे येईपर्यंत फारसे बोललेच नाहीत.

उलान-उदेच्या पुढे मंगोलियाचा फाटा मुख्य मार्गापासून सुटतो आणि सेलेंगा नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे वळतो. सीमा जवळ आल्यावर प्रोवोद्नित्सा मंगोलियाचे जकातीचे फॉर्म घेऊन आली आणि पारपत्रे व कार्डे तयार ठेवा असे खुणेने सांगून गेली. पतींनी कागदांची पिशवी उघडली. पारपत्रे चार होती, मायग्रेशन कार्डे मात्र तीन. आईंचे कार्ड नव्हते. इर्कुत्स्कच्या हॉटेलाने नोंदणीसाठी घेतलेले आमचे कागद एका पाकिटात घालून परत दिले होते, त्यातच ते आले नव्हते. आम्ही पिशव्या, वह्या, औषधांचे खोके, गाद्यांच्या खालची जागा, सारे पालथे घातले आणि नाऊश्कीचा फलाट आला तेव्हा ते हॉटेलातच राहिले आहे याबद्दल शंका उरली नाही.

नाऊश्की हे रशियाच्या बाजूचे शेवटचे स्थानक. तिथे इंजीन आणि देशांतर्गत डबे सोडवून नेले, आणि सीमेपार जाणारे आमचे दोनच डबे उन्हात उभे राहिले. दारे बंद, शौचालयांना कुलूप आणि प्रत्येकाने आपापल्या कप्प्यात बसून राहायचे. आधी कुत्रा घेऊन एक जवान फिरला. मग दुसऱ्याने मार्गिकेच्या छतावरची झाकणे उघडून विजेरीने आत पाहिले आणि आम्हांला उठवून शायिकांखालची जागा तपासली. त्यानंतर हिरव्या गणवेशातल्या महिला अधिकारी आल्या. त्यांनी एकेक पारपत्र भिंगाखाली धरले, चेहरा पाहिला, कार्ड घेतले. आईंच्या पारपत्रापाशी त्यांचा हात थांबला.

त्यांना इंग्रजी फारसे येत नव्हते आणि आम्हांला रशियन. शेजारच्या कप्प्यात इर्कुत्स्कला शिकणारी एक मंगोलियन विद्यार्थिनी घरी चालली होती, ती आपणहून दाराशी आली आणि दुभाषी झाली. अधिकारी म्हणाल्या की कार्ड नसेल तर प्रवाशाच्या देशाबाहेर जाण्याची नोंद पुरी होत नाही, प्रकरण वरिष्ठांकडे न्यावे लागेल आणि निर्णय होईपर्यंत पारपत्र त्यांच्याकडे राहील. एवढे सांगून त्या आईंचे पारपत्र घेऊन उतरल्या. बाकीची तीन त्यांनी शिक्का मारून आमच्या हातात दिली होती. तिघे कागदोपत्री रशियाबाहेर गेलो होतो आणि चौथी व्यक्ती आत राहिली होती, हे माझ्या लक्षात आले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

पतींनी हॉटेलला फोन लावला. इतका वेळ जे जाळे येत-जात होते ते स्थानकात नशिबाने स्थिर होते. स्वागतकक्षातल्या मुलीने आधी सगळे कागद परत दिले असेच सांगितले. पतींनी आवाज न चढवता तिला तारीख, खोली आणि नोंदणीची वेळ सांगितली आणि प्रत काढण्याच्या यंत्राच्या झाकणाखाली एकदा पाहायला सांगितले. कार्ड तिथेच होते. तिने दोन्ही बाजूंचे छायाचित्र लगेच पाठवले आणि मनापासून क्षमाही मागितली. पण छायाचित्र म्हणजे कार्ड नव्हे. ते मान्य होईल की नाही हे कोणालाच माहीत नव्हते आणि गाडी सुटायला तासाभराचाच अवधी राहिला होता.

मी आणि पतींनी हलक्या आवाजात बोलायला सुरुवात केली. आईंना उतरवले तर ते त्यांच्याबरोबर उतरतील आणि उलान-उदेला परत जाऊन कार्डाची सोय करतील, व्हिसाचे चार दिवस शिल्लक आहेतच, मी मुलीला घेऊन पुढे जावे आणि उलानबातरला वाट पाहावी, असा त्यांचा विचार होता. आमच्या पारपत्रांवर शिक्के पडल्यामुळे त्यांना तरी उतरू देतील का, हाही प्रश्न होताच. आई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, मला एकटीला उतरवलं तरी चालेल, मी इथे बाकावर बसून राहीन, त्यांना माणूस पाहिजे की कागद हे त्यांनी ठरवावं. पण या पोरीला आणि हिला एकटं पुढे पाठवायचं नाही. जायचं तर चौघांनी, नाहीतर कोणीच नाही." त्यांच्या आवाजात भीतीचा लवलेश नव्हता. मुलीने तोवर आजीचा हात धरला होता, तो पुढे बराच वेळ सोडला नाही.

काही वेळाने एक जवान आईंना बोलवायला आला. गुडघ्यांमुळे त्यांना डब्याच्या उभ्या पायऱ्या उतरायला वेळ लागला, तेव्हा प्रोवोद्नित्साने खाली उतरून त्यांना दोन्ही हातांनी आधार दिला आणि ती विद्यार्थिनी विचारल्याशिवायच त्यांच्याबरोबर गेली. आम्हांला डब्यातून उतरण्याची परवानगी नव्हती. खिडकीतून स्थानकाच्या इमारतीचे दार दिसत होते, आणि मी त्या दारावरची नजर काढली नाही.

आत काय झाले ते नंतर विद्यार्थिनीने सांगितले. वरिष्ठांनी छायाचित्र पाहिले, संगणकातली मॉस्को विमानतळावरची प्रवेशाची नोंद काढली आणि कार्डावरचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहिला. दोन्ही जुळले. मग घडलेला प्रकार लेखी मागितला. विद्यार्थिनीने तो रशियनमध्ये लिहिला, आईंना वाक्यावाक्याने इंग्रजीत समजावला आणि आईंनी खाली देवनागरीत सही केली. सही पारपत्रातल्या सहीसारखी आहे का हे त्यांनी पाहिले आणि मग शिक्का मारला. दंड घेतला नाही. वरिष्ठांनी आईंना व्यवसाय विचारला आणि शिक्षिका आहेत हे कळल्यावर उठून त्यांना खुर्ची दिली, हे सांगताना त्या मुलीला विशेष आनंद झाला होता. आई परत आल्या, शायिकेवर बसल्या आणि पहिल्यांदा पाणी मागितले. गाडी ठरल्या वेळीच सुटली.

मंगोलियाच्या सुखबातार स्थानकावरची तपासणी त्या मानाने सौम्य होती. घड्याळ एक तास पुढे गेले, कारण त्या वर्षी मंगोलियात उन्हाळी वेळ पाळत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उलानबातरच्या फलाटावर त्या विद्यार्थिनीचे वडील तिला न्यायला आले होते. तिने सगळी हकीकत सांगितल्यावर त्यांनी आईंच्या दोन्ही हातांखाली आपले हात धरून तिथल्या रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यांना करतात तसा नमस्कार केला आणि आमचे सामान स्वतः गाडीपर्यंत वाहून नेले.

उलानबातरहून बीजिंगची गाडी सकाळी निघाली आणि दिवसभर गोबीतून गेली. मी वाळूच्या टेकड्यांची अपेक्षा केली होती. प्रत्यक्षात खडे, खुरटे गवत आणि लांबवर एखादा उंटांचा कळप एवढेच दिसत राहते, आणि सायनशांदच्या पुढे बंद खिडकीच्या फटीतूनही धूळ आत येऊन पांघरुणांवर बसते. संध्याकाळी झमीन-ऊदला मंगोलियाच्या अधिकाऱ्यांनी शिक्के मारले आणि रात्री गाडी चीनच्या एर्लियान स्थानकात शिरली. तिथे घड्याळ पुन्हा एक तास मागे आले.

इथले नवल कागदांचे नव्हते, चाकांचे होते. रशिया आणि मंगोलियाच्या रुळांमधले अंतर 1520 मिलिमीटर आहे आणि चीनमध्ये ते 1435 मिलिमीटर आहे. फरक जेमतेम चार बोटांचा, पण त्यामुळे एकही डबा जसाच्या तसा पुढे जाऊ शकत नाही. पारपत्रे गोळा करून नेल्यावर गाडी मागे-पुढे होऊ लागली. दर थोड्या वेळाने जोरदार धक्का बसे आणि टेबलावरचे पेले किणकिणत. नंतर आमचा डबा एका लांब, प्रखर दिव्यांनी उजळलेल्या शेडमध्ये नेऊन सुटा केला. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या उंचीचे पिवळे जॅक होते. शिरस्त्राण घातलेला एक कामगार आमच्या खिडकीखाली वाकला आणि त्याने डब्याच्या कडेखाली जॅकचा हात नीट बसला आहे ना हे हाताने चाचपून पाहिले, मग दुसऱ्या टोकाकडे पाहून हात वर केला. त्यानंतर डबा हलला असे वाटलेच नाही. शेजारच्या रुळावरचा डबा खाली चालला आहे असा भास झाला आणि मग कळले की आपणच वर जात आहोत, आतल्या माणसांसकट, सामानासकट आणि समोवारातल्या उकळत्या पाण्यासकट.

डबा अधांतरी असताना खालच्या रशियन मापाच्या बोगी, म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे, ढकलत बाहेर नेल्या गेल्या आणि त्याच वाटेने अरुंद मापाच्या बोगी आत आल्या. शेडमध्ये दोन्ही मापांचे रूळ एकमेकांत घातलेले आहेत, त्यामुळे दोन्ही प्रकारची चाके एकाच जागी येऊ शकतात. समोरच्या डब्यातला एक लहान मुलगा आमच्या बरोबर समोर, तितक्याच उंचीवर लटकलेल्या खिडकीत उभा होता. तो आणि आमची मुलगी एकमेकांना हात करत राहिले. डबा खाली येताना मधला दांडा बोगीच्या खोबणीत बसतो की नाही हे पाहायला दोन माणसे खाली झुकली होती. त्यांतल्या एकाने बोटभर अंतर दाखवले, डबा किंचित थांबला, पुन्हा उतरला, आणि पायाखाली एक मऊ दणका जाणवला. आईंनी वहीत दोन्ही मापे आणि वेळ लिहून घेतली. या सगळ्यात शौचालये कित्येक तास बंद राहतात. मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर झमीन-ऊद येण्याआधीच पाणी पिणे बेताने ठेवावे, ही एकच सूचना मी या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आवर्जून करीन.

मध्यरात्र उलटल्यावर पारपत्रे परत आली. पतींनी ती दिव्याखाली धरून एकेक शिक्का पाहिला आणि चारही आईंच्या हातात दिली. त्यांनी ती उशीखाली ठेवली. सकाळी मंगोलियन भोजनयानाच्या जागी चिनी भोजनयान लागलेले होते आणि बाहेर मक्याची शेते व विटांची गावे सुरू झाली होती. दुपारी डोंगर आणि बोगदे मागे टाकून गाडी बीजिंगच्या स्थानकात वेळेवर पोहोचली. फलाटावर उतरताना मुलीने आजीला पायरीशी हात दिला. आई उतरून वळल्या आणि आमच्या डब्याची नवी चाके पाहण्यासाठी दोघी फलाटाच्या कडेला वाकल्या.